उधळ्या पुत्राचा दाखला अकराव्यांदा सांगताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या महिन्यात मंडळीसमोर, म्हणजे चर्चमधल्या लोकांसमोर, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या (अध्याय १५) उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेवर, बोलायचं आहे. धाकटा मुलगा वाटा घेऊन दूर देशी जातो, सगळं उधळून डुकरं राखायची वेळ आल्यावर घरी परततो, बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, मेजवानी देतो आणि थोरला भाऊ रागावतो, ती ही गोष्ट. ऐकणाऱ्यांना तो तोंडपाठ आहे. पहिलं वचन वाचलं की त्यांच्या चेहऱ्यावर 'हं, कळलं' असं उमटतं. तुम्ही आठवडाभर बसून आहात आणि हाती काही नवं लागत नाही. मग नवा अर्थ आणायचा कुठून?

मी तीसेक वर्षं उपदेश करतोय आणि या दाखल्यावर आजवर दहा वेळा बोललो आहे. त्यातले पहिले चार उपदेश खरं तर एकच होते, फक्त सुरुवातीची गोष्ट बदललेली. तेव्हा मीही असाच नवा अर्थ शोधत फिरायचो. भाष्यग्रंथ चाळायचो, दुसऱ्यांचे उपदेश ऐकायचो. आपण हा दाखला वाचतच नाही, फक्त आठवतो, हे फार उशिरा लक्षात आलं. डोळे ओळीवरून फिरत असतात आणि मनात मात्र रविवारच्या शाळेत ऐकलेली गोष्ट चालू असते.

म्हणून आधी पवित्र शास्त्र मिटून ठेवा आणि गोष्ट आठवेल तशी कागदावर लिहून काढा. मग लूक १५:११ ते ३२ उघडा, बावीसच वचनं आहेत, आणि दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. तुम्ही जे गाळलंत त्यावर एक रंग, पदरचं घातलंत त्यावर दुसरा.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा ओशाळलो. माझ्या गोष्टीत बाप रोज गच्चीवर उभा राहून वाट बघत होता. लूकमध्ये ना गच्ची आहे, ना रोज. मुलगा दूर असतानाच बापाने त्याला पाहिलं, एवढंच आहे. माझ्या गोष्टीत मुलगा डुकरांच्या शेंगा खात होता. लूक म्हणतो, त्या शेंगांनी पोट भरावं असं त्याला वाटे, पण त्याला कोणी काही देत नसे. माझ्या गोष्टीत दारात आईही होती! आईचा तर संपूर्ण दाखल्यात उल्लेख नाही.

गाळलेलं त्याहून महत्त्वाचं निघालं. मी दुष्काळ गाळला होता.

यात मी एकटा नाही, हे नंतर कळलं. मार्क ॲलन पॉवेल या अमेरिकन अभ्यासकाने नेमका हाच प्रयोग केला होता. शंभर अमेरिकन विद्यार्थ्यांना त्याने दाखला वाचायला दिला आणि मग आठवेल तसा सांगायला लावला. पैसा उधळल्याचं सगळ्यांनी सांगितलं, दुष्काळ मात्र फक्त सहा जणांच्या तोंडी आला. पुढे रशियात सेंट पीटर्सबर्गला त्याने पन्नास जणांना विचारलं, तर बेचाळीस जणांनी दुष्काळ सांगितला. हे शहर म्हणजे पूर्वीचं लेनिनग्राड. १९४१ ते १९४४ या काळात त्याला वेढा पडला होता आणि लाखो माणसं उपासमारीने गेली. तिथल्या घराघरांत ती आठवण अजून आहे. टांझानियात त्याने विचारलं, हा मुलगा डुकरांत जाऊन का पोचला? तिथे बहुतेकांचं उत्तर तिसरंच: त्याला कोणी काही खायला दिलं नाही म्हणून.

ही तिन्ही कारणं वचनांत लागोपाठ आहेत. तेराव्यात उधळपट्टी, चौदाव्यात दुष्काळ, सोळाव्यात 'त्याला कोणी काही देत नसे'. लूकने त्यांतलं एकही वगळलेलं नाही. आपण मात्र आपल्याला पटेल तेवढं उचलतो. ज्याने उधळपट्टी उचलली त्याचा उपदेश पश्चात्तापावर जातो, दुष्काळ उचलणाऱ्याचा जगण्या-तगण्यावर, आणि तिसरं उचलणारा थेट त्या परक्या देशातल्या माणसांना जाब विचारतो. आता तुमच्या मंडळीत बसलेल्यांचा विचार करा. कोणाची नोकरी गेली असेल, कोणी कर्जात बुडाला असेल. त्याला 'तू उधळलंस' एवढंच ऐकवायचं, की चौदावं आणि सोळावं वचनही मोठ्याने वाचायचं?

दुसरी जागा बाराव्या वचनात आहे. धाकटा आपला वाटा मागतो आणि बाप त्यांना मिळकत वाटून देतो. 'त्यांना.' मी वर्षानुवर्षं 'त्याला' असंच वाचत आलो होतो. वाटणी दोघांची झाली, म्हणजे थोरल्यालाही त्याच दिवशी त्याचं मिळालं. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाप्रमाणे (२१:१७) ज्येष्ठाला दुप्पट वाटा, म्हणजे दोन मुलगे असतील तर तिनातले दोन थोरल्याचे. हे प्रमाण लूक सांगत नाही, पण त्याच्या श्रोत्यांना ते सांगायची गरजही नव्हती. आता एकोणतिसाव्या वचनातली तक्रार वाचा: मला मित्रांबरोबर मजा करायला तुम्ही कधी करडूही दिलं नाही. आणि बापाचं उत्तर: माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. लहानपणापासून मी हे उत्तर मायेने काढलेली समजूत म्हणून ऐकत आलो. हिशेबाच्या वहीतही ते तितकंच खरं आहे. उरलेलं सगळं थोरल्याकडेच जायचं होतं. कापलेलं पुष्ट वासरूसुद्धा एका अर्थाने त्याच्याच वाट्यातलं. त्याला न विचारता कापलेलं! त्याचा राग निव्वळ मत्सर नाही, त्यामागे आकडेमोड आहे. हे कळल्यापासून मला थोरल्याला उपदेशात झोडपणं जमेनासं झालं.

याच वचनात मिळकतीला ग्रीकमध्ये दोन शब्द आहेत. मुलगा 'ऊसिया' मागतो, म्हणजे मालमत्ता. बाप वाटतो तो 'बिओस'. त्या शब्दाचा अर्थ उपजीविका आणि आयुष्यही. ग्रीक येत नसलं म्हणून अडत नाही. दोन-तीन मराठी भाषांतरं शेजारी शेजारी ठेवलीत तरी कुठे शब्द डळमळतात ते दिसतं, आणि जिथे भाषांतरकार अडखळले तिथेच बहुधा काहीतरी असतं. एक शब्द मात्र असा आहे की तिथे आपली भाषा आपल्या मदतीला येते. विसाव्या वचनात बापाला कळवळा आला, असं आपण वाचतो. मूळ क्रियापद 'स्प्लांख्ना' म्हणजे आतडी या शब्दापासून आलं आहे. पुष्कळ भाषांत याचं भाषांतर करताना ते आतड्यांवरून उचलून मनावर ठेवावं लागतं. मराठीत तशी गरजच नाही. आतडं तुटलं, पोटात कालवलं, असं आपण रोज म्हणतो. उपदेशात 'दया आली' म्हणू नका. बापाचं आतडं तुटलं म्हणा, आणि बघा मंडळी कशी ऐकते. लूकने हे क्रियापद आणखी दोनच ठिकाणी वापरलंय: नाईन गावच्या विधवेचा मुलगा मेला तेव्हा येशूसाठी (७:१३) आणि येशूच्याच दुसऱ्या एका दाखल्यात, रस्त्यात पडलेल्या माणसाला पाहिलं तेव्हा शोमरोन प्रांतातल्या वाटसरूसाठी, म्हणजे शोमरोन्यासाठी (१०:३३). तिन्ही ठिकाणी क्रम एकच आहे, आधी पाहिलं आणि मग आतडं तुटलं. या तीन वचनांवर एक अख्खा उपदेश उभा राहतो. मी केला आहे, आणि माझ्या दहांतला तो बरा होता.

आता थोडं सावधगिरीचं. नवेपणाची हौस माणसाला कुठे नेते हे मी भोगलं आहे. सहावा की सातवा उपदेश असेल. एका पुस्तकात वाचलं की, परक्यांत पैसा घालवून परतणाऱ्या माणसासमोर त्या काळचे यहूदी गावकरी मडकं फोडून त्याला वाळीत टाकत, आणि बाप धावला तो गावकऱ्यांच्या आधी पोरापर्यंत पोचावं म्हणून. काय चित्र आहे! मी ते सांगितलं, रंगवून सांगितलं. मंडळी डोळे पुसत होती. उपासना संपल्यावर एक आजी आल्या आणि त्यांनी शांतपणे विचारलं, "हे मडकं कोणत्या वचनात आहे?" कोणत्याच नव्हतं. घरी जाऊन शोधलं. तसा विधी यहूदी रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, लिखाणात आहे खरा, पण तो कुळाची जमीन परक्याला विकणाऱ्याबद्दल आणि कुळाला न शोभणारं लग्न करणाऱ्याबद्दल आहे. त्या ग्रंथांचं संकलन लूकनंतर काही शतकांनी झालेलं. या दाखल्याशी तो जोडणं हा अलीकडच्या एका अभ्यासकाचा तर्क. तर्क करायला हरकत नाही, पण मी तो घडलेली गोष्ट म्हणून सांगितला होता. पुढच्या रविवारी मंडळीसमोर तसं कबूल केलं. सोपं गेलं नाही.

तेव्हापासून 'त्या काळी अशी पद्धत होती' असं वाक्य दिसलं की मी थांबतो. यातला आणखी एक धोका ॲमी-जिल लेव्हाइन या यहूदी विदुषीने वारंवार दाखवून दिलाय. ती नव्या कराराची अभ्यासक आहे. तिचं म्हणणं असं की, येशूचा बाप उजळून दिसावा म्हणून उपदेशक त्या काळच्या यहूदी बापांना काळं फासतात: यहूदी बाप कधी धावला नसता, कधी क्षमा केली नसती, वगैरे. हे कशावरून? जुन्या करारातल्या उत्पत्ती या पुस्तकातलं ३३:४ काढा. थोरला भाऊ एसाव धावत येतो, दूर देशाहून परतणाऱ्या धाकट्या याकोबाला मिठी मारतो, त्याच्या गळ्यात पडतो, मुके घेतो, आणि दोघे रडतात. लूकच्या विसाव्या वचनातला जवळजवळ प्रत्येक हावभाव तिथे आहे. येशूच्या श्रोत्यांना तो बाप विचित्र वाटला नसेल. त्यांना एसाव आठवला असेल.

इथे मी तुम्हाला थोडा वेळ रेंगाळायला सांगेन, कारण ही खाण आहे. दोन भाऊ, धाकटा घर सोडून दूर देशी, थोरला शेतात, मिळकतीवरून बिघडलेलं, शेवटी गळाभेट: हे सगळं याकोब-एसावाचं आहे. फक्त येशूने माणसं हलवली आहेत. उत्पत्तीत धावत येणारा थोरला भाऊ आहे, लूकमध्ये बाप. मग लूकमधल्या थोरल्याने काय करायला हवं होतं, याचं उत्तर श्रोत्यांना आधीच माहीत होतं. धावायचं होतं. झगा आणि अंगठी वाचून याकोबाचा मुलगा योसेफ आठवतो का पाहा, मिसरचा राजा फारो याने त्याला दोन्ही दिली होती (उत्पत्ती ४१:४२). आणि धाकट्याने घोकून ठेवलेलं वाक्य, 'मी स्वर्गाविरुद्ध व तुमच्यापुढे पाप केलं आहे', हे निर्गम या पुस्तकातल्या १०:१६ शेजारी ठेवा. टोळांनी देश खाल्ल्यावर तिथला फारो इस्राएलांचे पुढारी मोशे-अहरोन यांना जवळपास हेच म्हणतो, आणि टोळ गेल्यावर फिरतो. मग धाकट्याचा पश्चात्ताप खरा होता, की पोटासाठी घोकलेला? लूक सांगत नाही. 'शुद्धीवर आला' असं आपण वाचतो, मुळात अक्षरशः 'स्वतःकडे आला' असं आहे. आणि स्वतःकडे आल्यावर त्याच्या डोक्यात पहिली गोष्ट येते ती बापाच्या चाकरांना पोटभर मिळणारी भाकर. मी पूर्वी याला पश्चात्तापाचा आदर्श म्हणायचो. आता म्हणत नाही. बापाने तरी कुठे तपासलं? वाक्य पुरं होण्याआधीच त्याने झगा मागवला.

ते वाक्य खरंच अपुरं आहे, हे पाहिलंत का? एकोणिसाव्या वचनात तयारी करताना शेवट आहे, 'मला आपल्या एका चाकरासारखं ठेवा.' एकविसाव्यात, बापासमोर, तो भाग येत नाही. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन प्रसिद्ध हस्तलिखितांत मात्र तो तिथेही आहे. बहुतेक अभ्यासकांना ती लेखनिकाची भर वाटते. म्हणजे तोही बापडा वाचत नव्हता, आठवत होता!

थोरल्याबद्दल एक गोष्ट मला लेव्हाइनमुळे दिसली आणि ती मी अजून पचवतोय. त्याच अध्यायात आधी शंभर मेंढरांचा धनी आहे, त्याला एक कमी असल्याचं कळतं. दहा नाणी असलेली बाई आहे, तिलाही एक कमी असल्याचं कळतं. बापाला दोनच मुलगे. मेजवानी सुरू झाली, वाद्यं वाजू लागली, आणि थोरला शेतात आहे हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. कोणी बोलवायला गेलं नाही. दोनांपर्यंत मोजायला बाप चुकला. हे मंडळीत सांगाल तर लोक दचकतील, कारण आपण बाप म्हणजे देव असं समीकरण मनात धरून बसलेले असतो. ते चूक म्हणत नाही मी. पण दाखल्यातल्या प्रत्येक माणसाला लेबल लावून टाकलं की गोष्ट तिथेच थिजते. ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडिताने त्या शोमरोन्याच्या दाखल्यात उतारशाळा म्हणजे मंडळी आणि तिचा मालक म्हणजे प्रेषित पौल असं लावलं होतं. या दाखल्यात थोरला म्हणजे यहूदी आणि धाकटा म्हणजे परराष्ट्रीय, ही वाटणीही शतकानुशतकं चालली, आणि तिने यहूदी माणसांचं काय केलं तो इतिहास आपल्याला ठाऊक आहे. एकदा तरी दाखला असा वाचा की बाप हा फक्त बाप आहे. चुकणारा, धावणारा, अंगणात उभा राहून मोठ्या मुलाच्या मिनतवाऱ्या करणारा. मग देव आठवायचा तो आपोआप आठवेल.

थोडं आडवळण. सद्धर्मपुंडरीक सूत्र या बौद्ध ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात घर सोडून भटकलेल्या मुलाची अशीच एक कथा आहे. तिथे श्रीमंत बाप मुलाला ओळखतो, पण मुलगा त्या वैभवाला घाबरतो. म्हणून बाप ओळख न देता त्याला घाण उपसायच्या कामावर ठेवतो, हळूहळू वीस वर्षं त्याचं मन तयार करतो, आणि मरणसमयी सर्वांसमोर सांगतो की हा माझा मुलगा. ती शहाणी आणि प्रेमळ कथा आहे. ती वाचून मला लूकचा बाप नव्याने दिसला, कारण धाकट्याने मागितलं होतं ते नेमकं हेच: चाकर म्हणून ठेवा. लूकचा बाप ते मान्य करत नाही, एक दिवससुद्धा. दुसरीकडची कथा अशी शेजारी ठेवली की आपल्या कथेत काय घडलं नाही ते कळतं. फक्त कुठली कथा थोर हे ठरवायला बसू नका.

सुचलेला अर्थ टिकतो की नाही हे मी कसं तपासतो, असंही तुम्ही विचारलंत. आजींची कसोटी: कोणत्या वचनात आहे? ती पार झाली की दाखल्याची सुरुवात पाहतो, म्हणजे अकरावं वचन नव्हे, पहिली तीन. जकातदार आणि पापी जवळ आलेत, परूशी आणि शास्त्री, म्हणजे धर्मशास्त्र काटेकोरपणे पाळणारे आणि शिकवणारे यहूदी, कुरकुरताहेत की हा येशू असल्यांबरोबर जेवतो. त्या कुरकुरीला दिलेलं हे उत्तर आहे. मला सुचलेला अर्थ जर परूश्यांना ऐकवण्यासारखाच नसेल, तर तो माझा आहे, दाखल्याचा नाही. आणि 'उधळ्या पुत्र' हे नाव काही दिवस टाकून द्या. ते लूकने दिलेलं नाही, नंतर डकवलेलं आहे. जर्मन लोक याला 'हरवलेला मुलगा' म्हणतात. लूकचं पहिलं वाक्य आहे, एका माणसाला दोन मुलगे होते. दोन.

एक शेवटचं, व्यवहाराचं. हे सगळं एका उपदेशात कोंबू नका. नवशिका असताना मी तेच करायचो आणि लोक घरी जाताना फक्त दमलेले असायचे. एक वचन निवडा आणि त्यावर बसा. तुमच्या जागी मी असतो तर सोळावं घेतलं असतं.

मला स्वतःला अकराव्या खेपेला सव्वीस-सत्तावीस घ्यायची आहेत. थोरला शेतातून येतो, वाद्यं ऐकतो, आणि आत न जाता एका चाकराला बोलावून विचारतो, काय चाललंय? तो चाकर मला तीस वर्षं दिसलाच नव्हता. त्याला झगा ठाऊक असेल, अंगठी ठाऊक असेल, धावणं तर सगळ्यांनीच पाहिलं असेल. यातलं तो काही सांगत नाही. वासरू सांगतो. आणि त्याच्या उत्तराचे पहिले शब्द आहेत, 'तुझा भाऊ'. थोरला बापाशी भांडताना तो शब्द टाळतो, 'हा तुमचा मुलगा' म्हणतो. शेवटी बाप पुन्हा 'हा तुझा भाऊ' म्हणतो, पण बापाच्या आधी त्या चाकराने ते म्हटलेलं आहे. मुद्दाम म्हटलं की सहज, ते अजून ठरवता येत नाहीये.